करप्याला न मारणारे औषध: जपानच्या भातखाचरांतील प्रोबेनाझोलचे प्रकरण

भातावरच्या करप्यासाठी जपानमध्ये १९७५ पासून एक औषध वापरात आहे. त्याचे नाव प्रोबेनाझोल. मेजी सेइका या कंपनीने ते ‘ओरायझेमेट’ या नावाने बाजारात आणले. करप्याची बुरशी प्रयोगशाळेत बशीत वाढवून तिच्या खाद्यात हे संयुग मिसळले, तर तिचे फारसे काही बिघडत नाही. पण त्याच संयुगाचे दाणे खाचरातल्या उभ्या पाण्यात टाकले, की काही दिवसांत तिथली रोपे करप्याला सहजासहजी बळी पडेनाशी होतात. बुरशीवर थेट घाव न घालता रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारी जी संयुगे शेतात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, त्यांत प्रोबेनाझोल सर्वांत जुन्यांपैकी एक आहे.

हे प्रकरण निवडण्यामागे कारण आहे. ‘पिकाची प्रतिकारशक्ती वाढवते’ असे लिहिलेल्या बाटल्या आणि पुड्या आज कितीतरी मिळतात. त्यांतल्या बऱ्याच उत्पादनांमागे एखाद-दुसऱ्या हंगामाच्या चाचण्यांपलीकडे फारसे काही नसते. प्रोबेनाझोलचे तसे नाही. एक पीक, एक मुख्य रोग, एक देश आणि पाच दशकांचा वापर, इतकी सलग नोंद या प्रकारच्या दुसऱ्या कुठल्या संयुगामागे सापडणे कठीण आहे. अशी संयुगे कुठे चालतात, कुठे अडखळतात आणि का, हे पाहायचे असेल तर सुरुवात इथूनच करावी. माझे मत आधीच सांगतो: या यशाचे अर्धे श्रेय रसायनाचे आहे. उरलेले अर्धे जपानी शेतकऱ्याच्या भात लावण्याच्या पद्धतीचे आहे, आणि ते नेहमी सांगायचे राहून जाते.

पानावर नेमके काय घडते

करप्याच्या बुरशीचा बीजाणू तीन पेशींचा, नासपतीच्या आकाराचा असतो. वाऱ्याबरोबर येऊन तो भाताच्या पानावर पडतो आणि टोकातून निघणाऱ्या चिकट द्रवाने तिथेच घट्ट बसतो. पान काही तास सलग ओले राहिले आणि हवा वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास असली, की त्याला अंकुर फुटतो. अंकुराच्या टोकाला घुमटासारखा एक गोळा तयार होतो. त्याच्या भिंतीवर मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा थर चढतो. या थरामुळे आतले विरघळलेले पदार्थ बाहेर पडत नाहीत, बाहेरचे पाणी मात्र आत शिरत राहते, आणि गोळ्यातला दाब ८ मेगापास्कलपर्यंत जातो. म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे चाळीस पट. या दाबाच्या जोरावर बुरशी एक अतिशय बारीक खुंटी पानाच्या सालीतून आरपार घुसवते.

त्यानंतर चार ते सात दिवसांत पानावर दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा ठिपका दिसू लागतो. मध्यभागी राखाडी, कडेला तपकिरी. दमट रात्री असा एकेक ठिपका हजारो नवे बीजाणू सोडतो, आणि पुढची फेरी सुरू होते. पानावरचा करपा पीक दुबळे करतो. खरा घात होतो तो लोंबीच्या मानेवर. तिथे बुरशी शिरली की वरचा रसपुरवठा तुटतो आणि अख्खी लोंबी पांढरी पडून पोचट होते.

या सगळ्या क्रमात रोप स्वस्थ बसलेले नसते. खुंटी आत शिरते आहे याची चाहूल लागली की त्या जागेच्या पेशी बचावाला लागतात. पेशीभित्तिका जाड करतात, हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, बुरशीला मारक ठरणारे मोमिलॅक्टोन, साकुरानेटिन असे पदार्थ बनवतात, आणि गरज पडली तर हल्ला झालेली पेशी स्वतः मरून जाते, म्हणजे बुरशीला पुढे जायला जिवंत पेशीच मिळत नाही. मोठ्या रोगट ठिपक्याऐवजी टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी डाग उरतो. रोगाला बळी पडणाऱ्या वाणांकडेही ही सगळी सामग्री असते. ती बाहेर काढायला त्यांना उशीर होतो, एवढेच. रोप आणि बुरशी यांच्यातली ही शर्यत काही तासांची असते, आणि प्रोबेनाझोलचे सारे काम त्या काही तासांशी निगडित आहे.

आधीची औषधे

१९५० च्या दशकात जपानमध्ये करप्यावर फिनाइलमर्क्युरी ॲसिटेटसारखी पाऱ्याची सेंद्रिय संयुगे चुन्यात मिसळून धुरळली जात. रोग आटोक्यात येई, पण पाऱ्याचा अंश तांदळात उतरे. पाऱ्याने काय होते हे त्या देशाला मिनामाता शहरातल्या विषबाधेने दाखवून दिलेच होते. तिथला पारा कारखान्याच्या सांडपाण्यातला होता, शेतातला नव्हे; तरीही अन्नधान्यावर पारा टाकत राहणे कुणालाच मान्य होण्यासारखे नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही औषधे बंद झाली.

त्यांची जागा प्रतिजैविकांनी घेतली. १९६१ मध्ये ब्लास्टिसिडिन-एस आले. त्यापाठोपाठ १९६५ मध्ये कासुगामायसिनचा शोध जाहीर झाला. ते बनवणारा सूक्ष्मजीव नारा शहरातल्या कासुगा देवस्थानाच्या मातीत सापडला होता, म्हणून हे नाव. कासुगामायसिन माणसाला आणि रोपाला फारसे अपायकारक नव्हते, त्यामुळे त्याच्यावर भिस्त वाढली. मात्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याला दाद न देणारी बुरशी शेतांत दिसू लागली.

वाणांच्या बाजूनेही दिलासा नव्हता. एकेका प्रबळ जनुकाच्या जोरावर करप्याला रोखणारे वाण काढले गेले, पण बुरशीचे नवे प्रकार पुढे आले आणि कुसाबुएसारखे वाण लागवडीत आल्यानंतर काही वर्षांतच कोसळले. चवीसाठी सर्वांना हवा असलेला कोशिहिकारी १९५६ मधला; तो तर करप्याला मुळातच नाजूक. पुढे १९७९ पासून तोच जपानमध्ये सर्वाधिक क्षेत्रावर लावला जाणारा वाण ठरला. म्हणजे गिऱ्हाइकाला आवडणारा भात आणि करप्याला आवडणारा भात एकच होता. अशा परिस्थितीत प्रोबेनाझोल आले.

प्रोबेनाझोल रोपात काय करते

इथे घटनांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. हे औषध आधी विकले गेले; त्याच्या कामाचा उलगडा पुढची पंचवीस-तीस वर्षे होत राहिला. एखाद्या भागात संसर्ग झाला की उरलेले रोपही पुढच्या हल्ल्यासाठी सज्ज होते, हे फ्रँक रॉस यांनी १९६१ मध्ये तंबाखूवर दाखवले होते. १९७९ मध्ये रेमंड व्हाइट यांनी तंबाखूला ॲस्पिरिन दिले आणि मोझॅक विषाणूचे डाग कमी झाल्याचे नोंदवले. ॲस्पिरिनचा जवळचा भाऊ सॅलिसिलिक आम्ल हा रोपाच्या आतला संदेशवाहक आहे, याचे ठोस पुरावे १९९० मध्ये मिळाले. त्या वर्षापर्यंत जपानी खाचरांत प्रोबेनाझोलचे पंधरा हंगाम होऊन गेले होते.

पुढे २००१ मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगातल्या लाडक्या रोपावर जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी दाखवले, की प्रोबेनाझोल सॅलिसिलिक आम्लाच्या साखळीत त्या आम्लाच्याही आधीच्या टप्प्यावर हात घालते. रोपात त्याचे रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो, तोही हेच काम करतो. आणि तो पदार्थ म्हणजे साखरेऐवजी वापरले जाणारे सॅकरिन. रसायनशास्त्रात अशा गाठीभेटी क्वचित होतात.

भाताचे गणित मात्र अरॅबिडॉप्सिसपेक्षा वेगळे आहे. भाताच्या पानात सॅलिसिलिक आम्ल मुळातच भरपूर असते, आणि बुरशीचा संसर्ग झाला म्हणून ते ठळकपणे वाढत नाही. त्यामुळे ‘आम्ल वाढले, बचाव सुरू झाला’ हे सरळ स्पष्टीकरण भाताला लागू पडत नाही. प्रोबेनाझोलने भातात जी जनुके जागी होतात, त्यांतले एक सॅलिसिलिक आम्लाला साखरेचा रेणू जोडणाऱ्या विकराचे आहे. २००९ मध्ये ते जनुक दाबून टाकलेली भाताची रोपे तयार करून पाहिली, तर त्यांच्यावर प्रोबेनाझोलचा परिणाम बराच ओसरला. दुसरा धागा २००७ मध्ये हाती लागला. असिबेन्झोलार-एस-मिथाइल या याच पंथातल्या संयुगाने भातात वर्की-४५ नावाचे नियंत्रक प्रथिन कामाला लागते, आणि ते बंद पाडले तर त्या संयुगाने मिळणारे करप्यापासूनचे संरक्षण जाते. वर्की-४५ पुढच्या कितीतरी जनुकांना चालना देते. त्यामुळे बचाव एका पदार्थावर उभा राहत नाही. भित्तिका, पेरॉक्साइड, मारक पदार्थ, पेशीचे स्वतःहून मरणे हे सगळेच लवकर आणि जोरात होते.

औषध दिलेल्या आणि न दिलेल्या खाचरातली पाने शेजारी ठेवली तर फरक असा दिसतो: न दिलेल्या पानावर राखाडी मध्य असलेले, फुगत जाणारे, बीजाणू सोडणारे ठिपके, दिलेल्या पानावर डाग असतातच, पण बारके, तपकिरी, तिथेच थांबलेले. डाग दिसले म्हणून औषध फसले असे समजणाऱ्याने हा फरक जवळून पाहावा. बीजाणू सोडत नाही असा डाग पुढची फेरी सुरू करू शकत नाही.

त्याच ट्रेमधले दुसरे औषध

या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग हा आहे, कारण इथे परिस्थितीनेच एक तुलना मांडून ठेवली.

१९७० च्या दशकात जपानमध्ये यंत्राने लावणी करण्याची पद्धत रुजली. त्यासाठी रोपे साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशा ट्रेमध्ये वाढवतात. एका हेक्टरला सुमारे २०० ट्रे लागतात. लावणीच्या आधी प्रत्येक ट्रेवर ५० ग्रॅम दाणेदार औषध पसरले, तर ते मुळांच्या गुंत्याबरोबर थेट शेतात जाते. १९९८ मध्ये कार्प्रोपामिड हे औषध अशाच वापरासाठी आले. ते बुरशीच्या मेलॅनिन बनवण्यावरच घाला घालते: काळा थर नाही, तर दाब नाही, दाब नाही, तर खुंटी आत शिरत नाही. कल्पना देखणी, परिणाम उत्तम, आणि एकदा ट्रेमध्ये टाकले की दीर्घकाळ टिकणारे. शेतकऱ्यांनी ते उचलून धरले यात नवल नाही.

२००१ मध्ये क्यूशू बेटावरच्या सागा प्रांतात त्याला दाद न देणारी बुरशी सापडली. बाजारात येऊन तीनच वर्षे झाली होती. कारण पाहिले तर इतकेच, की मेलॅनिन बनवणाऱ्या एका विकरातला ७५ क्रमांकाचा अमिनो आम्लाचा दुवा बदलला होता: व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन. एक अक्षर बदलले आणि औषध त्या विकराला नीट चिकटेना. पुढे २०१२ मध्ये बुरशीला थेट मारणाऱ्या स्ट्रोबिल्युरिन गटाच्या औषधांनाही दाद न देणारी करप्याची बुरशी जपानच्या पश्चिम भागात आढळली. तिथेही बदल एकाच दुव्यात होता.

आता प्रोबेनाझोल पाहा. तोच रोग, तोच देश, तीच ट्रेची पद्धत, कितीतरी अधिक वर्षे आणि अधिक क्षेत्र. तरीही त्याला शेतात दाद न देणारी बुरशी निर्माण झाल्याची नोंद नाही. बुरशीनाशकांना दाद न देण्याच्या प्रश्नावर काम करणारी फ्रॅक ही आंतरराष्ट्रीय समिती अशा संयुगांना स्वतंत्र गटात ठेवते आणि त्या गटातल्या प्रोबेनाझोल, असिबेन्झोलार, टियाडिनिल, आयसोटियानिल यांच्यापुढे तशी नोंद नसल्याचेच लिहिते.

याचे कारण समजायला अवघड नाही. कार्प्रोपामिडपासून सुटायला बुरशीला स्वतःच्या एका विकरात एक बदल पुरला. प्रोबेनाझोलचे लक्ष्य बुरशीत नाहीच. तिला अडवतात ते रोपाचे अनेक बचाव, एकाच वेळी आणि वेगवेगळ्या मार्गांनी. त्या सगळ्यांना एका बदलात चकवणे सोपे नसते. हे कायमचे अभयदान आहे असे मी म्हणणार नाही, कारण रोपाचे बचाव दडपणारी प्रथिने या बुरशीकडेही आहेत आणि त्यांच्या जोरावरच ती रोगकारक ठरते. पण पन्नास वर्षांचा ताळेबंद समोर आहे, आणि तो बुरशीवर थेट घाव घालणाऱ्या कितीतरी औषधांपेक्षा चांगला आहे.

पाणी, ट्रे आणि हवामानाचा अंदाज

इथे मी सुरुवातीला म्हटलेल्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो.

या प्रकारच्या संयुगाची एक अट कधीच सुटत नाही: ते रोगाच्या आधी द्यावे लागते. रोपाला ते शोषून घ्यायला, जनुके जागी व्हायला, सामग्री जमवायला वेळ लागतो. ठिपके पानभर पसरल्यावर दिलेले प्रोबेनाझोल जुन्या ठिपक्यांचे काहीच करत नाही. म्हणून खाचरात टाकायच्या ८ टक्के दाण्यांची शिफारस अशी असते: पानावरच्या करप्यासाठी पहिला ठिपका अपेक्षित असेल त्याच्या आठ-दहा दिवस आधी, लोंबीसाठी निसवण्याच्या तीन ते चार आठवडे आधी, हेक्टरी ३० ते ४० किलो. टाकताना खाचरात पाणी उभे हवे, आणि नंतर काही दिवस ते बाहेर सोडायचे नाही. शेजारच्या ओढ्यात औषध वाहून जाऊ नये म्हणूनही, आणि मुळांना ते शोषायला वेळ मिळावा म्हणूनही.

अजून डोळ्यांना न दिसलेल्या रोगासाठी आज खर्च आणि मेहनत करा, असे शेतकऱ्याला सांगणे सोपे नसते. जपानमध्ये ते जमले, कारण तीन गोष्टी आधीपासून तिथे होत्या.

पहिली, उभे पाणी. फवारलेले औषध पानावरून धुऊन जाते, नव्या पानांपर्यंत पोचत नाही. पाण्यातले औषध मुळांवाटे चढत राहते आणि नंतर फुटलेल्या पानांतही जाते. फवारणी यंत्र नको, वाऱ्याची भीती नको. बांधावरून चालत दाणे फेकले तरी काम होते. प्रोबेनाझोल मुळांवाटे चांगले शोषले जाते हा त्याचा रासायनिक गुण खरा, पण त्याला वाव मिळाला तो खाचरामुळे.

दुसरी, रोगाच्या अंदाजाची व्यवस्था. जपानमध्ये पिकांवरच्या रोगकिडींचा अंदाज देण्याचे सरकारी काम १९४१ पासून चालू आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये, म्हणजे प्रोबेनाझोल बाजारात येण्याच्या तोंडावर, अमेदास हे स्वयंचलित हवामान केंद्रांचे जाळे सुरू झाले. पुढे १९८० च्या दशकात त्यातल्या पाऊस, वारा, ऊन आणि तापमानाच्या ताशी नोंदींवरून पाने कुठे किती तास ओली राहिली असतील, आणि म्हणून करप्याचा शिरकाव कुठे झाला असेल, हे सांगणारी ब्लास्टॅम ही पद्धत तयार झाली. ‘आधी टाका’ या सल्ल्यातला ‘आधी’ म्हणजे नेमका केव्हा, याला आधार मिळाला. रोपाला जागे करणारे संयुग आणि हवामानाची नोंद यांचा थेट संबंध चटकन जाणवत नाही, पण शेतात एकाचे चालणे दुसऱ्यावर अवलंबून होते.

तिसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेला ट्रे. त्यासाठी २४ टक्क्यांचे दाणे निघाले. एका ट्रेला ५० ग्रॅम आणि २०० ट्रे म्हणजे हेक्टरी १० किलो दाणे, त्यांत मूळ संयुग २.४ किलो. खाचरात टाकायच्या ८ टक्के दाण्यांतही हेक्टरी २.४ ते ३.२ किलोच मूळ संयुग जाते. म्हणजे रसायनाची फारशी बचत झाली नाही. बचत झाली ती ओझ्याची आणि फेऱ्यांची. चिखलात ३०-४० किलो दाणे वाहून फेकण्याऐवजी रोपवाटिकेत उभ्या उभ्या काम उरकते. वयस्क शेतकऱ्यांच्या देशात याचे मोल मोठे आहे. नंतर आलेली टियाडिनिल आणि आयसोटियानिल हीही मुख्यतः ट्रेमधूनच जाऊ लागली. त्यांतले आयसोटियानिल तर प्रोबेनाझोलपेक्षा कितीतरी कमी मात्रेत पुरते.

ट्रेच्या सोयीची एक दुसरी बाजूही आहे, आणि ती मला खटकते. खाचरात दाणे टाकायचे की नाही हे शेतकरी अंदाज पाहून ठरवत असे. ट्रेमध्ये औषध घालताना अजून पावसाळाच सुरू झालेला नसतो. त्यामुळे दरवर्षी, रोग येवो न येवो, औषध जातेच. कार्प्रोपामिडच्या बाबतीत हेच नडले, कारण सगळ्या शेतांतल्या बुरशीवर हंगामभर एकच दाब राहिला. प्रोबेनाझोलच्या बाबतीत त्याने बुरशी निबर झाली नाही, एवढेच. अनावश्यक वर्षांतला खर्च आणि पाण्यात मिसळणारे रसायन मात्र दोन्हीकडे सारखेच.

थंडीचे वर्ष

१९९३ चा उन्हाळा जपानमध्ये असाधारण थंड, पावसाळी आणि ढगाळ गेला. पोटरीच्या अवस्थेत थंडीने परागकण निकामी झाले आणि त्यात करप्याची जोरदार साथ आली. सरासरी पीक १०० धरले तर त्या वर्षीचा देशाचा आकडा ७४ होता. एरवी तांदळाच्या आयातीला कडवा विरोध करणाऱ्या देशाने त्या वेळी सुमारे २५ लाख टन तांदूळ परदेशातून आणला.

या वर्षाचा सगळा दोष करप्यावर टाकता येणार नाही, आणि एखाद्या औषधावर तर नाहीच. पण रोपाला जागे करण्याच्या उपायाची मर्यादा समजून घ्यायला असेच वर्ष उपयोगी पडते. थंडी, क्षार किंवा पाण्याचा ताण आला की रोपात ॲब्सिसिक आम्ल वाढते. ताणाला तोंड देण्यासाठी ते आवश्यक असते, पण रोगाविरुद्धच्या साखळीला ते दाबून टाकते. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी भातात हे नेमके कसे होते ते दाखवले: कमी तापमानात आणि क्षारांच्या ताणात, वर्की-४५ ला कामाला लावणारे एक विकर निष्क्रिय केले जाते. त्या अवस्थेत असिबेन्झोलारने जागवलेली करप्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही खच्ची झाली. थंड हवेत करपा का फोफावतो याचे एक उत्तर यात आहे: पान ओले राहते हे खरेच, पण रोपाचेही लक्ष दुसरीकडे असते. बुरशीला थेट मारणाऱ्या औषधाला रोपाची ही अवस्था फारशी आड येत नाही; रोपाकरवी काम करणाऱ्याला येते. नेमक्या ज्या वर्षी त्याची सर्वाधिक गरज असते, त्या वर्षी त्याचा जोर कमी पडण्याची शक्यता असते. म्हणून थंड प्रदेशात फक्त अशा संयुगावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. गरज पडल्यास लोंबीच्या वेळी बुरशीवर थेट काम करणाऱ्या औषधाची जोड हवी.

नत्राचेही तसेच. नत्र जास्त झाले की पान लुसलुशीत, गर्द हिरवे होते आणि करप्याला आयते मिळते. याउलट सिलिका मिळालेल्या भाताची पाने ताठ राहतात आणि करपा कमी बसतो. जपानने १९५५ मध्येच सिलिकेट खताला अधिकृत खत म्हणून मान्यता दिली होती. प्रोबेनाझोलच्या यशाची मोजदाद करताना त्या खताचाही वाटा मोजायला हवा, कारण दोन्ही उपाय एकाच रोपाच्या एकाच बचावाला हातभार लावतात.

गव्हात ते का जमले नाही

१९९६ मध्ये सिबा-गायगी या स्विस कंपनीच्या संशोधकांनी असिबेन्झोलारचे गव्हावरचे परिणाम प्रसिद्ध केले. हेक्टरी अवघे ३० ग्रॅम, फुटवे येण्याच्या काळात एकच फवारणी, आणि भुरी रोगापासून दीर्घकाळ संरक्षण. युरोपात मोठ्या अपेक्षेने ते बाजारात आले. त्याच वर्षी ॲझॉक्सिस्ट्रोबिन हे स्ट्रोबिल्युरिन गटाचे औषधही आले. ते बुरशीला थेट मारत होते, अनेक रोगांवर चालत होते आणि रोग दिसल्यावरही काही प्रमाणात उपयोगी पडत होते. युरोपातल्या गव्हाच्या शेतकऱ्याने ते पसंत केले. गव्हाच्या शेतात उभे पाणी नाही आणि रोपांचे ट्रे नाहीत, म्हणजे रोपाला आधीच जागे करून ठेवण्याची अशी स्वस्त, आपोआप होणारी जागाच नाही.

शिवाय २००० साली एक गंभीर निरीक्षण पुढे आले. रोगच नसलेल्या परिस्थितीत असिबेन्झोलार दिलेल्या गव्हाची वाढ आणि दाणे, न दिलेल्यापेक्षा कमी भरले, आणि नत्र कमी असताना हा फरक जास्त जाणवला. बचावाची सामग्री बनवायला रोपाला स्वतःचे अन्न खर्चावे लागते. शत्रू आलाच नाही तर तो खर्च वाया. टोमॅटोत आणखी एक अडचण दिसली: सॅलिसिलिक आम्लाची बाजू जागी केली की किडींविरुद्ध काम करणारी जॅस्मॉनिक आम्लाची बाजू मंदावते आणि अळीचे फावते. भातातही वर्की-४५ सतत, जास्त प्रमाणात चालू ठेवलेली रोपे काही परिस्थितींत खुरटी राहिली. म्हणून पुढच्या संशोधकांनी ते जनुक बुरशी आल्यावरच चालू होईल अशी जोडणी केलेला भात तयार करून पाहिला. प्रोबेनाझोलच्या शिफारशीच्या मात्रेत भाताचा असा तोटा शेतकऱ्याला जाणवण्याइतका होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण या गटातले प्रत्येक संयुग प्रत्येक पिकात इतके सौम्य असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

याच्या उलट उदाहरण न्यूझीलंडच्या किवीचे. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथे ते पुके भागात किवीच्या वेलींवर जिवाणूजन्य खोडरोग सापडला. वेलीच्या आत शिरलेल्या जिवाणूवर बाहेरून फवारलेले तांबे पोचत नाही, त्यामुळे असिबेन्झोलारला तिथे जागा मिळाली. तरीही सोनेरी गराचा जुना वाण वाचला नाही. बागायतदारांना अधिक सहनशील वाणाकडे वळावे लागले. वेलीला मदत करता आली, तिचा मूळ नाजूकपणा मात्र तसाच राहिला.

लोंबीची वेळ

परत भाताकडे. ट्रेमधून गेलेले संयुग पानावरच्या करप्याचा काळ बऱ्यापैकी निभावून नेते. पानावर बीजाणू कमी तयार झाले की पुढे लोंबीवर पडणारेही कमी होतात, आणि हा अप्रत्यक्ष फायदा बऱ्याच वर्षांत पुरतो. पण निसवण्याच्या सुमाराला रोपातला त्याचा जोर ओसरत आलेला असतो. त्या वर्षी पाऊस रेंगाळत राहिला, वरच्या पानांवर ताजे ठिपके दिसू लागले, तर खाचरात दाणे टाकण्याचा निर्णय निसवण्याच्या तीन-चार आठवडे आधीच घ्यावा लागतो. तेव्हा लोंबी अजून पोटरीतही आलेली नसते.

या टप्प्यावर उपयोगाचे ते शेतात जाऊन वरची दोन-तीन पाने तपासणे, अंदाज वाचणे, यंदा नत्र किती पडले आणि हवा किती थंड आहे हे मनात धरणे. दाणे टाकायची मुदत हुकली असेल, तर प्रोबेनाझोल विसरून लोंबी निसवताना बुरशीवर थेट काम करणारे औषध घ्यावे, आणि तेही त्या भागात बुरशी ज्याला अजून दाद देते असे. ट्रेमध्ये औषध घातले म्हणून ही फेरी टाळणाऱ्यांच्याच शेतात पांढऱ्या लोंब्या दिसण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, कारण हंगामभर पाने स्वच्छ दिसल्यामुळे कुणी बांधावर थांबून नीट पाहिलेलेच नसते.